नागिणीची धून वाजवणारे कल्याणजी

भिवंडीत वरात निघाली आणि नागिणीची धून वाजली नाही, असं सहसा होत नाही. कामतघरची वरात असो, शांतीनगरची असो की पद्मानगरातल्या तेलुगू विणकरांची, तासाभरात बॅन्डचा कीबोर्डवाला ती धून धरतोच. मग एकजण रुमालाचं टोक दातात धरून त्याची बीन करतो आणि दुसरा नव्या शर्टासकट रस्त्यावर आडवा होतो. अलीकडे भीमजयंतीच्या मिरवणुकीतही डीजेवाले ही धून मध्येच घुसवतात. त्यावरून आमच्या वस्त्यांमध्ये दरवर्षी दोन तट पडतात. बाबासाहेबांच्या मिरवणुकीत हा नाच नको, असं एक गट म्हणतो. पोरं वर्षभर लूमवर आणि गोदामात राबतात, एक दिवस नाचू द्या, असं दुसरा म्हणतो.

या वादावर आम्हाला जे म्हणायचं आहे ते पुढे येईलच. आधी एक साधी गोष्ट. ही धून मुळात बीनवर वाजलेलीच नाही. ती वाजली एका फ्रेंच बनावटीच्या विजेच्या यंत्रावर, आणि वाजवणारा होता गिरगावातल्या किराणा दुकानदाराचा मुलगा. त्याचं नाव कल्याणजी वीरजी शहा. पुढे कल्याणजी-आनंदजी या जोडीतला थोरला म्हणून देशाने त्यांना ओळखलं. पण इलेक्ट्रॉनिक वाद्याला भारतीय कानांत जागा मिळवून देणारा वादक म्हणून त्यांची आठवण फार कमी निघते. आपल्या संकेतस्थळावर शाहिरांची, जलशांची, भीमगीतांच्या गायकांची चरित्रं येतात आणि ती यायलाच हवीत. एका कच्छी व्यापाऱ्याच्या मुलाचं चरित्र इथे कशाला, असं काही वाचकांना वाटेल. ज्या कीबोर्डवर आज आपली भीमगीतं उभी राहतात त्या वाद्याची वाट आपल्याकडे कुठून सुरू झाली हे समजून घ्यायचं, तर या माणसापाशी थांबावं लागतं.

कल्याणजींचा जन्म ३० जून १९२८ चा, कच्छमधल्या कुंदरोडी गावचा. वडील वीरजी शहा पोटापाण्यासाठी मुंबईत आले आणि त्यांनी किराणा मालाचं दुकान टाकलं. धाकटा आनंदजी १९३३ चा. मुलं वाढली गिरगावात, मराठी आणि गुजराती शेजारात. घरात कुठल्या घराण्याची तालीम नव्हती, पण आजोबांच्या पिढीत लोकसंगीताची ओळख होती असं सांगतात. दुकानाच्या एका गिऱ्हाइकाची उधारी थकली होती. पैसे द्यायला नव्हते म्हणून त्याने दुकानदाराच्या मुलांना गाणं शिकवून ती फेडली. या मास्तरांना स्वतःलाच फारसं येत नव्हतं, असं दोघे भाऊ पुढे हसत सांगत. गंडाबंधन नाही, गुरुगृही पाणी भरणं नाही, डाळ-तांदळाच्या हिशेबात झालेलं शिक्षण.

समाजशास्त्रात ज्याला सांस्कृतिक भांडवल म्हणतात, ते संगीताच्या बाबतीत आपल्याकडे रक्तातून किंवा घराण्यातून मिळायचं. कल्याणजींकडे ते नव्हतं. पण दुसरं भांडवल थोडंफार होतं, आणि हेही स्पष्ट बोलायला हवं. उधारी देऊ शकणारं दुकान घरात असणं आणि उधारीवर जगणं यांत फरक आहे. परदेशी वाद्य हाताळायला मिळणं हे त्या काळात महारवाड्यातल्या किंवा मांगवाड्यातल्या मुलाच्या स्वप्नातही येणारं नव्हतं.

तरुण वयात कल्याणजींनी स्वतःचा ऑर्केस्ट्रा काढला, कल्याणजी वीरजी अँड पार्टी या नावाचा. लग्नसमारंभ, उत्सव, मंडळांचे कार्यक्रम अशी कामं चालायची. सिनेमाच्या ध्वनिमुद्रणात वादक म्हणून जाणंही सुरू होतं. मुंबईच्या सिनेसंगीतात त्या वेळी गोव्याचे ख्रिस्ती व्हायोलिनवाले आणि ट्रम्पेटवाले, पारशी वादक, उत्तरेतले सारंगिये आणि तबलजी असे नाना तऱ्हेचे लोक एका खोलीत बसत. त्या गर्दीत वेगळं दिसायचं तर हातात वेगळं काहीतरी हवं होतं. कल्याणजींच्या हाती आलं क्लेव्हियोलिन.

कॉन्स्टन्ट मार्टिन या फ्रेंच माणसाने १९४७ च्या सुमारास हे वाद्य तयार केलं. दिसायला छोट्या पेटीसारखं. साधारण तीन सप्तकांच्या पट्ट्या, त्यांच्यापुढे आवाज बदलायच्या खटक्यांची रांग, आणि वेगळ्या खोक्यात अँप्लिफायर व स्पीकर. आतमध्ये जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या व्हॉल्व्ह. आवाज तारेतून येत नाही, हवेतूनही नाही. वीज ठरावीक वेगाने कंप पावते, स्पीकरचा पडदा तसा हलतो आणि सूर उमटतो. कुठला खटका दाबला त्यावर तो सूर बासरीकडे झुकतो, व्हायोलिनकडे किंवा तुतारीकडे. सूर थरथरवण्याची सोयही त्यात होती. मोठी मर्यादा एकच, एका वेळी एकच सूर वाजायचा. दोन पट्ट्या दाबल्या तरी सूर एकच. युरोपात पियानोच्या खाली हे जोडून हॉटेलांत करमणुकीसाठी वाजवत.

ही मर्यादाच कल्याणजींच्या कामाला आली. बीन म्हणजे भोपळ्याला बसवलेल्या दोन नळ्या. एकीवर बोटं फिरतात आणि धून निघते, दुसरी एकच सूर धरून ठेवते. गारुडी नाकाने श्वास घेत गालातली हवा तोंडाने सोडत राहतो, त्यामुळे सूर तुटत नाही. दोन्ही नळ्यांत पात्या असतात, म्हणून आवाज किंचित चिरका आणि गुणगुणता येतो. क्लेव्हियोलिनचा योग्य खटका लावला की तोच चिरका गुणगुणता आवाज मिळतो, श्वासाचा प्रश्न उरत नाही आणि एका वेळी एक सूर ही अट बीनच्या धुनेला आपसूक जुळते. दुसऱ्या नळीचं काम सोबतच्या हार्मोनियमने करायचं. पट्टीच्या वाद्यावर मींड घेता येत नाही, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही. ती धून नीट ऐकली तर कळतं की शेजारच्या सुरांना भरभर स्पर्श करत कल्याणजींनी ही उणीव झाकली आहे. पेटीवर बोट बसलेल्या माणसालाच ते सुचू शकतं.

१९५४ साली फिल्मिस्तानचा नागिन आला. दिग्दर्शक नंदलाल जसवंतलाल, नायिका वैजयंतीमाला, नायक प्रदीपकुमार, संगीत हेमंतकुमारांचं आणि गाणी लता मंगेशकरांची. क्लेव्हियोलिनवर कल्याणजी आणि हार्मोनियमवर रवी, जे पुढे स्वतः मोठे संगीतकार झाले. त्या आधी हिंदी सिनेमात विजेचं वाद्य कधी वाजलंच नव्हतं असा आमचा दावा नाही. पण विजेच्या वाद्याचा आवाज देशातल्या खेड्यापाड्यांत पोचला तो या चित्रपटाने. हेमंतकुमारांना त्यासाठी फिल्मफेअर मिळालं. थिएटरात खरे नाग शिरल्याच्या अफवा गावोगाव उठल्या आणि आजही वयस्क माणसं त्या शपथेवर सांगतात. सापाला बाहेरचे कान नसतात. तो गारुड्याच्या हाताची आणि बीनेची हालचाल पाहून डोलतो. बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतून तरी ही अफवा पुढच्या पिढीला जाऊ नये.

ही धून पसरली कशी, तीही गोष्ट मजेदार आहे. १९५२ पासून दहा वर्षं केंद्रात माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर होते. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचे भक्त. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. हार्मोनियमवर तर १९४० पासूनच बंदी होती आणि ती १९७१ पर्यंत टिकली. पेटी परदेशी, तिला श्रुती नाहीत, मींड नाही, ही कारणं. ज्या पेटीवर तमाशा, कीर्तन आणि आंबेडकरी जलसा उभा होता तिला सरकारी रेडिओत जागा नव्हती. मग लोकांनी काय केलं? रेडिओ सिलोन लावलं. अमीन सयानींची बिनाका गीतमाला १९५२ च्या अखेरीस सुरू झाली होती. चहाच्या टपरीवर, चाळीच्या गॅलरीत लोक सिलोनच ऐकायचे. शेवटी सरकारलाच १९५७ मध्ये विविध भारती काढावी लागली. संगीतात काय शुद्ध आणि काय भ्रष्ट हे वरून ठरवणाऱ्यांना खालच्यांनी दिलेलं हे उत्तर होतं, आणि त्यात नागिनच्या धुनेचा वाटा मोठा आहे. भ्रष्टपणाची सगळी लक्षणं तिच्यात होती. परदेशी यंत्र, पट्टीचं वाद्य, सिनेमा, आणि वर गारुड्याची चाल.

इथे आम्ही जरा रेंगाळणार आहोत.

गावगाड्यात प्रत्येक वाद्याला जात होती. हलगी, डफ, सनई, संबळ कोणी वाजवायचं हे जन्माने ठरलेलं असायचं. कातडं मेलेल्या जनावराचं, म्हणून ते ताणणारा आणि बडवणारा अस्पृश्य. देवळाबाहेर उभं राहून वाजवायचं, लग्नात मांडवाबाहेर बसून वाजवायचं, मोबदल्यात उरलंसुरलं घ्यायचं. १९२७ च्या महाडच्या परिषदेनंतर मृतमांस आणि गावकीची अपमानाची कामं सोडायची हाक आली, तेव्हा कित्येक गावांत वाजवण्याचं बांधील कामही लोकांनी टाकून दिलं. कला वाईट होती म्हणून नव्हे. तिला चिकटलेली सक्ती आणि लाचारी वाईट होती. पण त्या सोडण्यात हातातली वाद्यंही गेली, हे आपल्याकडे फारसं बोललं जात नाही. ज्या जातींनी ती सोडली नाहीत त्यांच्याकडे मग आपल्याच माणसांनी कमीपणाने पाहिलं, हेही तितकंच खरं.

क्लेव्हियोलिनला जात नव्हती. कुठल्या जनावराचं कातडं नाही, कुठल्या घराण्याची गादी नाही, गावच्या बलुत्यात त्याची नोंद नाही. बटण दाबलं की कुणाच्याही बोटाखाली सूर तोच. किराणा दुकानदाराचा मुलगा त्यावर गारुड्याची चाल वाजवू शकला, आणि तीसेक वर्षांनी स्वस्त कीबोर्ड आल्यावर वस्तीतल्या मुलाने त्यावर भीमगीत वाजवलं तेव्हा त्यालाही कोणी जात विचारली नाही. कॅसेटच्या जमान्यात प्रल्हाद शिंद्यांसारख्या गायकांचा आवाज घराघरात गेला, त्यामागे कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड होते. ठाणे-रायगडकडच्या बेंजो पार्ट्यांनी तर बुलबुलतरंगाला पिकअप लावून घरच्या घरी विजेचं वाद्य केलं. त्याला कोणी प्रयोगशील संगीत म्हणत नाही. हाच उद्योग युरोपात झाला असता तर त्यावर प्रबंध निघाले असते.

क्लेव्हियोलिनचीच गोष्ट घ्या. सन रा हा अमेरिकेतला काळा जॅझ संगीतकार १९६०च्या दशकाच्या मध्यावर ते वाजवत होता. गुलामीच्या इतिहासातून सुटून दुसऱ्या ग्रहावर जाण्याची कल्पना तो संगीतातून मांडत असे, आणि त्यासाठी त्याला कुठल्याही जुन्या वाद्याशी नातं नसलेला आवाज हवा होता. १९६७ मध्ये बीटल्सच्या एका गाण्यात जॉन लेननने ते वाजवलं. दोघांचीही नावं आज प्रयोगाच्या इतिहासात आहेत. कल्याणजींनी या दोघांच्या दहा-बारा वर्षं आधी, कितीतरी मोठ्या श्रोतृवर्गासमोर हे केलं होतं.

मात्र वाद्याला जात नसली तरी किंमत होती. आणि ज्याची चाल यंत्रात उतरली त्या गारुड्याच्या वाट्याला त्यातून काहीच आलं नाही. नागिनच्या कथेत दोन आदिवासी टोळ्यांचं वैर आहे, सापाच्या विषाचा व्यापार आहे. पण पडद्यावरच्या त्या टोळ्यांचा खऱ्या भटक्यांशी संबंध फक्त पोशाखापुरता. इकडे गारुडी, सापगारुडी, मदारी पालांतून फिरत राहिले. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि साप पकडणं, बाळगणं गुन्हा झाला. साप वाचायला हवेत याबद्दल दुमत नाही. पण ज्यांची टोपली गेली त्यांना दुसरं काय दिलं? मुंबई-नाशिक महामार्गाच्या कडेला, गोदामांच्या मागे पालं टाकून राहणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी जातीचा दाखला काढायला जाताना हा प्रश्न आम्हाला दरवेळी आडवा येतो. भटक्या-विमुक्तांसाठी १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. ज्यांचं जगणंच गावोगाव फिरण्याचं होतं त्यांनी एका ठिकाणी राहिल्याचा कागद कुठून आणायचा? राजस्थानातल्या कालबेलियांची गाणी आणि नाच २०१० मध्ये युनेस्कोच्या यादीत गेले, गुलाबो सपेरा यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. आपल्या पालांतल्या बीनवाल्याला साधा दाखला मिळत नाही.

आता त्या मिरवणुकीच्या वादाबद्दल. रात्री दहानंतर डीजे नको, दवाखान्यासमोर भिंती हलवणारा आवाज नको, दारू पिऊन नाच नको, हे सगळं आम्हाला मान्य आहे आणि जयंती समित्यांच्या बैठकांत आम्ही ते बोलतो. पण नागिणीची धून हलक्या लोकांची आहे म्हणून नको, असं जेव्हा आपल्यातलेच शिकलेले लोक म्हणतात तेव्हा आम्हाला केसकर आठवतात. दीक्षेच्या वेळी नागपुरात बाबासाहेबांनी ते शहर का निवडलं हे सांगताना नाग लोकांचा उल्लेख केला होता, धम्म देशभर नेणारे ते लोक म्हणून. सिनेमातल्या नागिणीचा त्याच्याशी काही संबंध नाही, ओढूनताणून जोडूही नये. एवढंच की आपल्या परंपरेत नाग ही हलकी गोष्ट नाही. डीजेवर जयंतीच्या वर्गणीचा मोठा हिस्सा जातो, आणि वस्तीतली बेंजो वाजवणारी, कीबोर्ड शिकलेली पोरं त्या दिवशी नुसती मागे चालतात. आमचा आक्षेप असेल तर तो यावर आहे.

नागिननंतर कल्याणजींचं नाव झालं. वादक म्हणून मागणी वाढली, आणि १९५८ च्या सम्राट चंद्रगुप्तला त्यांनी स्वतंत्र संगीत दिलं. आनंदजी मदतीला होतेच. १९५९ मध्ये सट्टा बाजार आणि मदारी या चित्रपटांपासून जोडनाव लागलं. मदारी हे नावही गंमतीचं, साप आणि खेळवाले काही पाठ सोडत नव्हते. १९६० च्या छलियाने जोडी स्थिरावली. त्यांच्या हाताखाली मदतनीस म्हणून काम केलेले लक्ष्मीकांत आणि प्यारेलाल पुढे त्यांचेच तगडे स्पर्धक झाले. जब जब फूल खिले, हिमालय की गोद में, उपकार ही साठच्या दशकातली नावं सगळ्यांना ठाऊक आहेत. १९६८ च्या सरस्वतीचंद्रसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, १९७४ च्या कोरा कागजसाठी फिल्मफेअर. ही यादी लांबवण्यात अर्थ नाही. त्यातलं बरंच काम चांगलं, काही ठरावीक साच्याचं. वर्षाला अनेक चित्रपट करणाऱ्याचं असतं तसं.

आमच्या दृष्टीने त्यांचं दुसरं महत्त्वाचं पर्व सत्तरच्या दशकाचं. तोवर मुंबईच्या स्टुडिओंत नवी यंत्रं आली होती. कर्सी लॉर्ड या पारशी वादकाने मूग सिंथेसायझर इथे रुळवला. राहुलदेव बर्मन बाटल्या, पेले, कंगवे वाजवून आवाज शोधत होते. कल्याणजी-आनंदजींनी मारधाडीच्या चित्रपटांच्या पार्श्वसंगीतात इलेक्ट्रिक गिटार, ऑर्गन, बॉन्गो आणि देशी तालवाद्यं यांची जी मिसळ केली ती तेव्हा कुणी गंभीरपणे ऐकली नाही. १९७८ चा डॉन, १९८० चा कुर्बानी हे त्याचे ठळक नमुने. कुर्बानीतलं सर्वांत गाजलेलं डिस्को गाणं मात्र त्यांचं नाही, ते लंडनच्या बिद्दूचं. ही चूक लेखांतून नेहमी होते.

धाकटा भाऊ बाबला त्या बाबतीत आणखी पुढे गेला. मूळ तालवादक असलेल्या बाबलाने दांडियाला डिस्कोची जोड दिली आणि पत्नी कांचनसोबत अशी गाणी काढली, जी भारतापेक्षा त्रिनिदाद आणि गयानात जास्त वाजली. ऊसमळ्यांवर करारावर नेलेल्या भारतीय मजुरांची ती पोरंनातवंडं. तिकडच्या चटणी संगीतावर बाबला-कांचनची छाप आजही आहे.

याच काळातला आणखी एक मुंबईकर चरणजीत सिंग. सिनेमातला गिटारवाला. १९८२ मध्ये त्याने रोलँड कंपनीची नवी यंत्रं घेऊन दहा रागांची एक तबकडी केली. ती खपली नाही. २०१० मध्ये युरोपात ती पुन्हा निघाली आणि क्लबांमधल्या अॅसिड हाउस संगीताचा हा आधीचा अवतार आहे की काय अशी चर्चा सुरू झाली. सत्तरीत पोचलेला चरणजीत परदेशी महोत्सवांत वाजवून आला आणि २०१५ मध्ये गेला. कल्याणजी आणि चरणजीत यांत आम्हाला एक फरक दिसतो. चरणजीतला बाहेरच्यांनी शोधल्यावर आपल्याला तो दिसला. कल्याणजींचा प्रयोग इतका आपला झाला की तो प्रयोग होता हेच कोणाला उरलं नाही.

उतारवयात कल्याणजींनी लहान मुलांना शिकवण्यात मन घातलं. लिटल वंडर्स नावाचा मुलांचा संच त्यांनी उभा केला आणि मुलांना थेट रंगमंचावर उभं केलं. सुनिधी चौहान त्यातूनच पुढे आली. दाभोळच्या साधना सरगम यांच्याही सुरुवातीच्या वाटचालीत या भावांचा हात आहे. उधारी फेडायला आलेल्या अर्धकच्च्या मास्तरांकडे शिकलेला माणूस म्हातारपणी मास्तर झाला. शिकवणं कुठल्या दर्जाचं होतं यापेक्षा मुलाच्या हाती वाद्य पडलं आणि त्याला कुणी हाकललं नाही, याची किंमत त्यांना माहीत असावी. आमच्याकडे विहारात अभ्यासिका असते, क्वचित संगणक असतो. वाद्य फारच थोड्या ठिकाणी दिसतं, आणि दिसलं तरी ते कपाटात कुलुपात असतं. ते कुलूप काढावं असं आम्हाला फार वाटतं. सेकंडहॅण्ड कीबोर्ड आज मोबाइलपेक्षा स्वस्त मिळतो.

१९९२ मध्ये दोघा भावांना पद्मश्री मिळाली. नव्वदच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत डॅन द ऑटोमेटर या संगीतकाराने त्यांच्या जुन्या पार्श्वसंगीताचे तुकडे घेऊन बॉम्बे द हार्ड वे नावाची तबकडी काढली. ज्याला इथे कुणी गंभीरपणे ऐकलं नव्हतं तेच संगीत तिकडची हिप-हॉप पिढी कान देऊन ऐकू लागली. कल्याणजी २४ ऑगस्ट २००० रोजी मुंबईत गेले. पाच वर्षांनी ब्लॅक आइड पीज या गटाने डॉन आणि अपराध या चित्रपटांतल्या त्यांच्या चाली घेऊन एक गाणं केलं, ते जगभर वाजलं, त्याला ग्रॅमी मिळालं आणि गाण्याच्या श्रेयात या भावांची नावं लागली. क्लेव्हियोलिन बनणं केव्हाच बंद झालं आहे. भिवंडीच्या वरातीत हातगाडीवर जो कीबोर्ड असतो त्यात शे-दोनशे आवाज साठवलेले असतात, त्यातला एक चिरका, पातीच्या वाद्यासारखा आवाज निवडून कीबोर्डवाला अजूनही कल्याणजींनी वाजवली तशीच, एका वेळी एक सूर, ती धून वाजवतो.